विद्युत गिटारमधील विद्युतदोषांचा शोध

विद्युत गिटारमधील विद्युतदोष म्हणजे तारेच्या कंपनापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या विद्युतसंकेताच्या मार्गात निर्माण झालेला खंड, अनिष्ट जोड किंवा सैल संपर्क होय. आवाज मुळीच न येणे, वाजवताना मध्येच तुटणे, नॉब फिरवताना खरखर होणे आणि सतत घरघर ऐकू येणे ही या दोषांची नेहमीची लक्षणे आहेत. कोणी वापरलेली गिटार स्वस्तात विकत घेणाऱ्या नवशिक्याची त्यांच्याशी लवकरच गाठ पडते, आणि बहुधा ‘पिकअप गेला’ असे निदान त्याच्या कानी येते. वास्तविक पिकअप हा गिटारच्या विद्युतभागांपैकी सर्वांत कमी बिघडणारा भाग आहे, कारण त्यात हलणारे काहीच नसते. जे रोज ओढले, फिरवले किंवा सरकवले जाते ते, म्हणजे केबल, जॅक, नियंत्रक आणि स्विच, आधी बिघडते. त्यामुळे दोषाचा शोध बाहेरून आत, स्वस्त भागाकडून महाग भागाकडे असा घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखात तीन एकवेटोळी पिकअप असलेल्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारचा मुख्यतः विचार केला आहे. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या या रचनेच्या अनुकृती नवशिक्यांसाठीच्या स्वस्त गिटारींत फार मोठ्या प्रमाणावर आढळतात.

संकेताचा मार्ग

पिकअप या शब्दाला ‘स्वरग्राहक’ असा प्रतिशब्द सुचवता येईल, पण तो घेऊन दुकानात गेल्यास काहीच हाती लागणार नाही. म्हणून येथे पिकअप हाच शब्द ठेवला आहे. पिकअपमध्ये चुंबकाभोवती अत्यंत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. या तारेची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर, म्हणजे बहुधा केसाहूनही कमी असते. गिटारची पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात अल्पसे विभवांतर निर्माण होते. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ च्या सुमारास याच तत्त्वावर बनवलेली आणि ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी रिकनबॅकर गिटार ही व्यापारी यश मिळवलेली आरंभीची विद्युत गिटार मानली जाते. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही.

तिन्ही पिकअपच्या तारा पाच स्थानांच्या निवड-स्विचकडे येतात. तेथून निवडलेला संकेत आवाजाच्या नियंत्रकाकडे आणि त्याच्या मधल्या टोकावरून जॅककडे जातो. आवाजाच्या नियंत्रकाचे एक टोक त्याच्याच धातूच्या पाठीवर डाखलेले असते. सर्व परतीच्या तारा याच पाठीवर एकत्र येतात आणि तेथून जॅकच्या बाहेरील कड्याला मिळतात. शिवाय येथूनच एक तार लाकडातील छिद्रातून मागच्या बाजूस स्प्रिंगांच्या पट्टीपर्यंत जाते आणि ब्रिजमार्फत (सतारीच्या भाषेत घोडीमार्फत) गिटारच्या सर्व तारांना भूसंपर्काशी जोडते. ही एकटी तार पुढे दोन ठिकाणी महत्त्वाची ठरते.

सुरक्षितता

साध्या गिटारमध्ये स्वतःची धोकादायक वीज नसते. पिकअपचे विभवांतर मिलिव्होल्टांत, फार तर एखाद्या व्होल्टाच्या आसपास असते. धोका अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने येतो. वादकाच्या बोटांखालील तारा ब्रिज, जॅक आणि केबलची जाळी या मार्गाने अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. हा सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिनेद्वारे घरातील भूसंपर्क तारेशी जोडला जातो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन वीजयुक्त तार सांगाड्याला टेकली आणि भूसंपर्क शाबूत असला, तर फ्यूज जातो व प्रकरण तेथेच संपते. भूसंपर्क नसेल तर मात्र गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट येतात. अशा वेळी वादकाने दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरला किंवा त्याचे पाय ओल्या फरशीवर असले, तर परिपथ त्याच्या शरीरातून पूर्ण होतो.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदातील स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्झी येथे रंगमंचावर भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्युमुखी पडले. द यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ यांचा १९७६ मध्ये घरीच विद्युत गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

घरघर कमी होते म्हणून प्लगची जाड पिन कापणे किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालणे हा प्रकार सर्रास चालतो. यात आवाज सुधारण्याच्या मोबदल्यात वादकाचे संरक्षण काढून टाकले जाते. जुना अ‍ॅम्प्लिफायर गिटारसोबत मिळाला असल्यास सर्वप्रथम त्याचा प्लग पाहावा. तारांना स्पर्श होताच झिणझिण्या येत असतील किंवा तारेला लावलेला टेस्टर उजळत असेल, तर तेथेच थांबावे आणि वीजतंत्रज्ञास बोलवावे. नवशिक्याने अ‍ॅम्प्लिफायर उघडू नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील धारित्रांत प्लग काढल्यानंतरही काही शे व्होल्टांचा भार राहू शकतो. गिटार उघडण्यापूर्वी केबल काढून ठेवली की पुढील सर्व काम निर्धोक असते.

गिटारबाहेरील तपासणी

गिटारला स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी दोष गिटारमध्येच आहे याची खात्री करावी लागते. उत्तम मार्ग म्हणजे खात्रीची दुसरी केबल लावून पाहणे. दुसरी केबल नसेल तर मल्टीमीटरने जुनीच तपासता येते. एका टोकाच्या अग्रापासून दुसऱ्या टोकाच्या अग्रापर्यंत रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. अग्र आणि मागची नळी यांत मात्र कोणताही जोड दिसता कामा नये. मोजत असतानाच केबल प्लगजवळ वाकवून पाहावी, कारण केबल तुटते ती बहुधा तेथेच आणि सरळ ठेवल्यावर तुटलेली टोके पुन्हा टेकतात.

दुसरी चांगली गिटार त्याच केबलने त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर नीट वाजली, तर दोष पहिल्या गिटारमध्येच आहे हे ठरते. ही अदलाबदल क्षुल्लक वाटते. पण ती न करता पिकअप बदलून घेतल्याची आणि मग दोष केबलमध्ये निघाल्याची उदाहरणे कोणताही दुरुस्ती करणारा सांगेल.

जॅकमधून रोध मोजणे

गिटार न उघडता तिच्या अंतर्भागाची बरीचशी माहिती देणारी ही चाचणी आहे आणि तिला लागणारा साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तपासलेल्या केबलचे एक टोक गिटारमध्ये घालावे व दुसरे मोकळे ठेवावे. मल्टीमीटर २० किलोओहमच्या पल्ल्यावर ठेवून त्याची एक सळई मोकळ्या प्लगच्या अग्राला आणि दुसरी नळीला लावावी. आवाजाचा नॉब पूर्ण वाढवलेला असावा. मग निवड-स्विच एकेका स्थानी नेऊन आकडे लिहून घ्यावेत.

एकवेटोळी पिकअपचा रोध साधारणतः ५.५ ते ७ किलोओहम असतो. तो ६ किलोओहम धरला, तर आवाजाचा २५० किलोओहमचा नियंत्रक त्याला समांतर जोडलेला असल्यामुळे मीटर सुमारे ५.९ किलोओहम दाखवील. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या स्थानी एकेकच पिकअप चालू असतो. दुसऱ्या व चौथ्या स्थानी दोन पिकअप समांतर येतात, म्हणून तेथे आकडा निम्म्यावर, म्हणजे ३ किलोओहमच्या जवळ येतो. दुहेरी वेटोळ्याच्या हंबकर पिकअपचा रोध बहुधा ७ ते ९ किलोओहम असतो. जोरकस आवाजासाठी बनवलेल्या हंबकरमध्ये तो यापेक्षा बराच जास्त असू शकतो आणि त्यांच्याबरोबर ५०० किलोओहमचे नियंत्रक वापरण्याचा प्रघात आहे. तापमानानुसारही आकडा थोडा हलतो. पाच-दहा टक्क्यांच्या फरकाला दोष समजू नये.

पाचही आकडे असे आले, तर पिकअप, स्विच आणि जॅकपर्यंतची मुख्य तार निर्दोष आहे असे समजण्यास हरकत नाही. न आल्यास आकडाच दोषाची जागा दाखवतो. सर्व स्थानी शून्य आले, तर संकेताची तार कोठेतरी परतीच्या तारेला टेकली आहे. अशा वेळी प्रथम जॅकच्या खोबणीत पाहावे. पूर्वीच्या मालकाने घरघर कमी करण्यासाठी आत तांब्याची पट्टी चिकटवली असेल, तर प्लग घातल्यावर जॅकची पाती तिला टेकते आणि आवाज पूर्ण बंद होतो. मीटर नुसता ‘१’ दाखवत असेल, तर पल्ला २ मेगाओहमपर्यंत वाढवावा. आता २५० किलोओहमच्या आसपास आकडा दिसला (हे नियंत्रक छापील मूल्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतात), तर नियंत्रकापासून जॅकपर्यंतचा मार्ग ठीक असून खंड त्याच्या अलीकडे, स्विच किंवा पिकअपच्या बाजूस आहे. मोठ्या पल्ल्यावरही ‘१’ हटत नसेल, तर जॅकची तार तुटली आहे, जॅकची पाती प्लगला पोहोचत नाही किंवा नियंत्रकातील सरकता संपर्क सुटला आहे.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या स्थानी २४०, दुसऱ्या स्थानी ५.८, तिसऱ्या स्थानी ५.८, चौथ्या स्थानी २.९ आणि पाचव्या स्थानी ५.७ किलोओहम असे आकडे आले. दुसऱ्या स्थानी ब्रिजजवळचा आणि मधला असे दोन पिकअप असायला हवे होते, पण आकडा एकाचाच आहे. म्हणजे ब्रिजजवळच्या पिकअपच्या मार्गात खंड आहे. तो पिकअपमध्ये की स्विचच्या संपर्कात, हे मात्र आत पाहूनच कळते. झाकण उघडून सळया थेट त्या पिकअपच्या दोन तारांना लावल्यास ६ किलोओहम दिसतात की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आवाजाचा नॉब कमी करत नेला तर आकडा आधी वाढतो, मध्यावर सुमारे ६४ किलोओहमपर्यंत जातो आणि मग शून्याकडे येतो. हे नियंत्रकाच्या रचनेमुळेच घडते. तो दोष नव्हे. तसेच ९ व्होल्टची बॅटरी असलेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ परिपथाच्या गिटारींना ही चाचणी लागू पडत नाही. त्यांत आवाज बारीक किंवा फाटका येऊ लागला तर आधी बॅटरी बदलावी. अशा गिटारींत जॅकच बॅटरीच्या स्विचचे काम करतो, त्यामुळे केबल लावून ठेवलेली गिटार न वाजवताही बॅटरी संपवते.

जॅक

जुन्या गिटारमध्ये सर्वप्रथम पाहावा असा भाग हाच. ६.३५ मिलिमीटर व्यासाचा प्लग त्यात शेकडो वेळा घातला-काढला गेलेला असतो आणि केबलवर पाय पडून हिसकेही बसलेले असतात. प्लग हलवताच आवाज येत-जात असेल, तर जॅकच्या पातीचा ताण गेलेला असतो. ती किंचित आत वाकवल्यावर संपर्क पुन्हा घट्ट होतो.

जॅकचा नट सैल होणे हा त्याहून साधा, पण अधिक घातक दोष आहे. लोक तो बाहेरूनच पान्याने आवळतात. त्यामुळे आत संपूर्ण जॅक फिरतो, तारांना पीळ पडतो आणि दोन-तीन वेळा असे झाल्यावर एखादी तार तुटते. होडीच्या आकाराची पट्टी दोन स्क्रू काढून बाहेर घ्यावी, जॅक हाताने धरावा आणि मगच नट आवळावा. तार आधीच तुटली असेल, तर ती कोणत्या टोकाची हे पाहून घ्यावे. संकेताची तार लांब पातीच्या टोकाला आणि परतीची तार कड्याच्या टोकाला जोडायची असते. ही अदलाबदल झाल्यास आवाज येतो, पण घरघर प्रचंड वाढते आणि तारांना हात लावल्यावर ती कमी न होता आणखी वाढते. आधीच्या मालकाने घरी केलेल्या दुरुस्तीत ही चूक आढळू शकते.

नियंत्रक व स्विच

नॉब फिरवताना होणारी खरखर म्हणजे नियंत्रकातील कार्बनच्या पट्टीवर साचलेली धूळ किंवा झीज. कोकण व गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या गिटारमध्ये स्विच व जॅक यांचे धातूचे संपर्क काळवंडतात, तेव्हाही असाच त्रास होतो. नियंत्रकाच्या धातूच्या डबीला टोकांजवळ असलेल्या फटीतून विद्युतसंपर्क साफ करण्याचा फवारा थोडासा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवल्यास खरखर बहुधा जाते. गंज सोडवण्याचे किंवा शिवणयंत्राचे तेल यासाठी वापरू नये. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण तेलावर धूळ बसून पुढे त्रास वाढतो. साफ करूनही विशिष्ट जागी आवाज तुटत असेल, तर पट्टी झिजली आहे आणि नियंत्रक बदलणे भाग आहे. नवा घेताना रोधाबरोबरच दांड्याची जाडी आणि त्यावरील खाचा जुन्याशी जुळतात का हे पाहावे, नाहीतर जुने नॉब बसत नाहीत.

स्वराचा, म्हणजे टोनचा, नॉब शून्यावर नेताच आवाज केवळ बोदा न होता पूर्ण नाहीसा होत असेल, तर त्यावरील ०.०२२ ते ०.०४७ मायक्रोफॅरडचे धारित्र आतून जुळले आहे किंवा कोणीतरी ते वगळून तार थेट जोडली आहे. नॉबचा काहीच परिणाम होत नसेल तर धारित्राचे एक टोक सुटलेले असते.

स्विचच्या बाबतीत उघड्या पात्यांचा प्रकार साफ करता येतो. स्वस्त गिटारींतील प्लास्टिकच्या बंद डबीचा स्विच साफ करत बसण्यापेक्षा बदलणे बरे.

घरघर

घरघर ऐकू आली की दोष आहेच असे नाही. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे ती ५० आणि १०० हर्ट्‌झच्या आसपासच्या खर्जातील स्वरांत ऐकू येते. एकवेटोळी पिकअप ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही तारेच्या कंपनाइतक्याच निष्ठेने टिपतो. गिटार हातात धरून जागेवरच फिरल्यास एका दिशेला घरघर कमी होत असेल, तर ती बाहेरून येत आहे. हीच अडचण दूर करण्यासाठी सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीत हंबकर पिकअप घडवला. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या अनेक नव्या गिटारींत मधला पिकअप उलट वेढ्यांचा व उलट चुंबकाचा असतो, म्हणून दुसऱ्या व चौथ्या स्थानी त्या शांत होतात.

दिव्यांचा डिमर, स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांची गुणगुण अधिक तीक्ष्ण असते. संगणकावर ध्वनिमुद्रण करताना लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर गिटारला हात लावण्याचे कारण नाही.

आता त्या मागच्या बाजूस जाणाऱ्या तारेकडे वळू. सुस्थितीतील गिटारच्या तारांना हात लावला की घरघर कमी होते, कारण वादकाचे शरीर भूसंपर्काशी जोडले जाते. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला बोट लावताच घरघर कमी होते, असे असल्यास ब्रिजकडे जाणारी तार तुटली आहे किंवा तिचा डाख सुटला आहे. मागचे झाकण उघडून पट्टीवरील सांधा पाहावा. खात्रीसाठी ब्रिज आणि जॅकचे कडे यांतील रोध मोजावा; तो एक-दोन ओहमपेक्षा अधिक नसावा.

दोषासारखे दिसणारे गुण

पारंपरिक स्ट्रॅटोकास्टर जोडणीत ब्रिजजवळच्या पिकअपला टोनचा नियंत्रकच नसतो, म्हणून त्या स्थानी दोन्ही नॉब निष्क्रिय भासतात. नॉबने आवाज कमी केला की तीव्र स्वर किंचित मंद होतात, तेही स्वाभाविक आहे. दुसऱ्या किंवा चौथ्या स्थानी आवाज अगदी पोकळ व क्षीण होत असेल, तर एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. ही मात्र खरी चूक असून त्या अदलून ती दूर होते.

जाड तारा क्षीण आणि बारीक तारा खणखणीत वाजत असतील, तर आधी तारांचे वेष्टन पाहावे. ध्वनिक गिटारच्या काशाचे वेष्टन असलेल्या तारा चढवल्या असल्यास चुंबकाला फक्त आतील पोलादी गाभा जाणवतो. विद्युत गिटारसाठीच्या निकेल वेष्टनाच्या तारा घालताच असा ‘बिघडलेला’ पिकअप बरा होतो.

डाखकाम

सुटलेली तार जोडण्यासाठी डाख, म्हणजे सोल्डर, लावावा लागतो. राळयुक्त सोल्डर आणि ४० वॉटच्या आसपासची इस्त्री पुरते. सोल्डर इस्त्रीच्या टोकावर वितळवून थेंबासारखा टाकू नये. आधी तार व टोक तापवावे आणि सोल्डर त्यांना लावावे, म्हणजे तो स्वतःच पसरतो. चांगला सांधा गुळगुळीत दिसतो, तर कच्चा सांधा रवाळ, करडा व फुगीर दिसतो आणि तार ओढल्यावर हलतो. नियंत्रकाची पाठ उष्णता शोषून घेते, म्हणून ती आधी बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यावी. स्विचच्या प्लास्टिकवर मात्र दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ इस्त्री टेकवू नये. काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. तारांचे रंग सर्व उत्पादकांचे सारखे नसतात.

पिकअपमधील दोष

एवढे सर्व तपासून झाल्यावर आणि थेट तारांवर मोजूनही मीटर ‘१’ दाखवत असेल, तरच वेटोळे तुटले असे म्हणता येते. तुटण्याची जागा बहुधा बारीक तार बाहेरच्या जाड तारेला मिळते तेथे असते. घामाने तेथे हिरवट थर चढतो. ते टोक दिसत असेल, तर कुशल हात ते पुन्हा डाखू शकतो. आत कोठे तुटले असेल, तर नव्याने वेढे द्यावे लागतात किंवा पिकअप बदलावा लागतो. पिकअपवर नखाने टिचकी मारल्यावर ती अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठ्याने ऐकू येत असेल आणि आवाज वाढवताच तीक्ष्ण शीळ येत असेल, तर वेढे सैल झालेले असतात. त्यावर पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून वेढे पक्के करण्याचा उपाय रूढ आहे. मेण तापवताना ते पेट घेऊ शकते आणि अति उष्णतेने पिकअपची प्लास्टिकची चौकट वाकते, त्यामुळे हे काम अनुभवी दुरुस्ती करणाऱ्याकडेच सोपवावे.